हायड्रॉलिक क्रेनमधील बूमचे नियंत्रण : कंट्रोल व्हॉल्व्हची रचना, कार्य आणि सुरक्षिततेचा विचार

सारांश :
अवजड भार उचलणाऱ्या यंत्रांमध्ये बूम वर-खाली करण्याचे काम हायड्रॉलिक सिलिंडर करतो आणि त्या सिलिंडरवर नियंत्रण ठेवण्याचे काम कंट्रोल व्हॉल्व्ह करतो. प्रस्तुत लेखात औद्योगिक वसाहतींमध्ये 'हायड्रा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या क्रेनचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून या व्हॉल्व्हची रचना व कार्यपद्धती स्पष्ट केली आहे. भार उचलणे, तो अधांतरी धरून ठेवणे आणि तो खाली उतरवणे या तीन क्रियांचा स्वतंत्र विचार करून, त्यांपैकी उतरवण्याची क्रिया तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नाजूक का ठरते याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : हायड्रॉलिक्स, कंट्रोल व्हॉल्व्ह, स्पूल, बूम, काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह, भार-आघूर्ण

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत किंवा बांधकामाच्या जागेवर भार उचलणारी यंत्रे आज नित्याची झाली आहेत. यंत्राचा सुटा भाग ट्रकमधून उतरवणे, लोखंडी तुळई जागेवर बसवणे, जलवाहिनीचे पाइप चरात सोडणे अशी कामे पूर्वी साखळीचा चेनपुली, तिकाटणे आणि पंधरा-वीस माणसांचे बळ यांवर होत असत. आता तीच कामे एक चालक आणि एक इशारा देणारा कामगार काही मिनिटांत करतात. चालकाच्या हातातील दांडा जेमतेम काही सेंटिमीटर हलतो आणि कित्येक टनांचा भार जमिनीवरून उचलला जातो.

हाताचे अल्प बळ आणि भाराचे प्रचंड वजन यांच्यामध्ये जी व्यवस्था उभी असते तिचे केंद्र म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह होय. मात्र या व्यवस्थेविषयीची जाण यंत्र वापरणाऱ्यांमध्ये पुरेशी रुजलेली दिसत नाही. 'क्रेन उचलत नाही, तर व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळा' हा उपाय कामाच्या ठिकाणी सर्रास सुचवला जातो. त्या स्क्रूने नेमके काय बदलते हे ठाऊक नसताना केलेला हा उपाय बूमखाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी थेट निगडित असतो. म्हणूनच हा विषय केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहू नये, या भूमिकेतून प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

लेखाची उद्दिष्टे :
1. बूम उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेची मूलतत्त्वे स्पष्ट करणे.
2. कंट्रोल व्हॉल्व्हची रचना व कार्यपद्धती समजावून देणे.
3. भार धरून ठेवणे व उतरवणे या क्रियांतील धोके आणि त्यांवरील उपाययोजना यांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये प्रसिद्ध झाला. या सिद्धांताचा औद्योगिक उपयोग होण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्यानंतर विल्यम आर्मस्ट्राँग याने 1846 मध्ये न्यूकॅसल येथील धक्क्यावर शहराच्या नळातील पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदरात 1852 मध्ये पूर्ण झालेला उंच मनोरा हाही पाण्याचा दाब मिळवण्यासाठीच बांधलेला होता.

विसाव्या शतकात पाण्याची जागा तेलाने घेतली. तेल गंजू देत नाही, वंगणाचे काम करते आणि अरुंद फटींमधून पाण्याइतके सहज गळत नाही. उच्च दाबाचे पंप व तो दाब सहन करणारे लवचिक पाइप उपलब्ध झाल्यावर ही यंत्रणा चाकांवरच्या यंत्रात बसवणे शक्य झाले. फ्रान्समधील पोक्लेन या कंपनीने 1961 मध्ये टीवाय 45 हे संपूर्ण हायड्रॉलिक उत्खनन यंत्र बाजारात आणले. मराठी बोलीत अशा कोणत्याही यंत्राला आज 'पोकलेन' म्हणतात, ते याच कंपनीच्या नावावरून होय. 'जेसीबी' आणि 'हायड्रा' हे शब्दही याच मार्गाने भाषेत रुळले आहेत.

सिलिंडर : बळाचा स्रोत
क्रेनचा बूम एका टोकाशी खिळीवर बसवलेला असतो. या खिळीपासून थोड्या अंतरावर सिलिंडर बूमला खालून आधार देतो. सिलिंडरच्या आत दट्ट्या असतो व त्याचा दांडा बूमला जोडलेला असतो. दट्ट्याच्या खालच्या बाजूस तेल शिरले की दांडा बाहेर येऊन बूम वर जातो. दांड्याच्या बाजूस तेल शिरले की बूम खाली येतो.

हे बळ किती असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. सिलिंडरचा आतील व्यास 140 मिलिमीटर मानला, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 154 चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब 150 बार असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 153 किलोग्रॅम, तर सिलिंडरचा रेटा सुमारे साडेतेवीस टन होतो. मात्र हा सारा रेटा भार उचलण्यास मिळत नाही. खिळीपासून सिलिंडरच्या रेट्याचे लंबांतर 1 मीटर आणि भाराचे आडवे अंतर 6 मीटर असेल, तर तरफेच्या नियमानुसार त्या अंतरावर सुमारे 3.9 टनांचाच भार तोलला जाईल. बूमचे स्वतःचे वजनही त्यातूनच वजा करावे लागते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. दांड्याच्या बाजूस दांड्याने जागा व्यापलेली असल्यामुळे तिकडचे क्षेत्रफळ कमी असते. दांडा 90 मिलिमीटर जाडीचा असेल, तर ते सुमारे 90 चौरस सेंटिमीटर उरते. पंपाकडून मिनिटाला 60 लिटर तेल मिळाले, तर दांडा सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर वेगाने बाहेर येतो, पण तेवढ्याच तेलाने सेकंदाला 11 सेंटिमीटर वेगाने आत जातो. त्या वेळी खालच्या बाजूने मिनिटाला सुमारे 102 लिटर तेल बाहेर पडते. म्हणजेच उतरताना परतीच्या मार्गावर पंपाच्या प्रवाहापेक्षा बरेच अधिक तेल येते. कंट्रोल व्हॉल्व्हचे मार्ग ठरवताना हा फरक विचारात घ्यावाच लागतो.

कंट्रोल व्हॉल्व्हची रचना :
कंट्रोल व्हॉल्व्ह हा वरवर पाहता ओतीव लोखंडाचा एक ठोकळा असतो. त्यात आरपार छिद्र असून त्या छिद्रात स्पूल नावाचा घोटीव पोलादी दांडा सरकतो. या दांड्यावर ठरावीक अंतरांवर खाचा कोरलेल्या असतात. ठोकळ्याला मुख्यतः चार वाटा असतात : पंपाकडून येणारी, टाकीकडे जाणारी आणि सिलिंडरच्या दोन बाजूंना जाणाऱ्या दोन. स्पूल ज्या बाजूस सरकेल त्यानुसार या वाटा एकमेकींशी जोडल्या किंवा तोडल्या जातात. बूम वर-खाली करणे, तो लांब-आखूड करणे, हुकाचा दोर गुंडाळणे अशा प्रत्येक क्रियेसाठी एक स्वतंत्र स्पूल असतो व असे अनेक स्पूल एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी बसवलेले असतात.

स्पूल आणि छिद्र यांच्यामधील फट अवघी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतल्यास या कामातील अचूकतेची कल्पना येते. फट याहून अधिक ठेवली तर तेल गळते. कमी ठेवली तर तेल तापल्यावर स्पूल अडकतो. ही फट म्हणजे या व्हॉल्व्हचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

भार उचलण्याची क्रिया :
साध्या फिरत्या क्रेनमध्ये बहुधा स्थिर प्रवाहाचा गिअर पंप असतो. इंजिन चालू असेपर्यंत तो तेल ढकलतच राहतो. चालकाने कोणताही दांडा हलवलेला नसताना स्प्रिंगच्या योगाने स्पूल मध्यावर असतो आणि तेल मधल्या मोकळ्या वाटेने टाकीत परत जाते. त्या वेळी दाब अगदी कमी असतो व इंजिनावर विशेष ताण येत नाही.

चालकाने दांडा ओढला की स्पूल सरकतो. मधली वाट हळूहळू अरुंद होते, सिलिंडरकडील वाट हळूहळू उघडते आणि पंपाच्या बाजूचा दाब वाढू लागतो. पंप स्वतः दाब निर्माण करत नाही, तो केवळ प्रवाह देतो. प्रवाहाला अडथळा झाला की दाब वाढतो. हा दाब भारामुळे सिलिंडरमध्ये असलेल्या दाबापेक्षा अधिक झाला की तेल सिलिंडरमध्ये शिरते व बूम उचलला जातो.

या प्रक्रियेत एक नाजूक क्षण असतो. सिलिंडरची वाट उघडली आहे, पण पंपाचा दाब अजून भाराच्या दाबाइतका झालेला नाही, अशा वेळी तेल उलट दिशेने वाहून बूम किंचित खाली बसण्याचा संभव असतो. हे टाळण्यासाठी वाटेत एकदिशा झडप बसवलेली असते. विहिरीवरील पंपाचा फूट व्हॉल्व्ह ज्याप्रमाणे पाइपातील पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही, त्याचप्रमाणे ही झडप सिलिंडरमधील तेल परत पंपाकडे जाऊ देत नाही.

स्पूलवरील कडांना बारीक खाचे दिलेले असतात. त्यांमुळे वाट एकदम न उघडता क्रमाक्रमाने उघडते. सिलिंडरचा दांडा सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर सरकला, तर वरील उदाहरणात भार सेकंदाला सुमारे 39 सेंटिमीटर हलतो. सिलिंडरमधील लहानसा हिसका भाराशी सहापट होऊन पोहोचतो. अनुभवी चालकाच्या हाताची जी सफाई वाखाणली जाते, तिला या खाचांची साथ असते.

भार धरून ठेवण्याची क्रिया :
दांडा सोडला की स्पूल मध्यावर येतो आणि सिलिंडरच्या दोन्ही वाटा बंद होतात. आता बूम जागच्या जागी राहील, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात स्पूलभोवतीच्या त्या सूक्ष्म फटीतून दाबाखालील तेल सतत झिरपत असते. त्यामुळे केवळ स्पूलच्या भरवशावर सोडलेला बूम हळूहळू खाली येतो. स्पूल तेलाला दिशा देतो. भार निर्धोकपणे धरून ठेवणे हे त्याचे कामच नव्हे.

याहून गंभीर धोका पाइपाचा असतो. कंट्रोल व्हॉल्व्ह चालकाजवळ आणि सिलिंडर बूमजवळ असल्यामुळे या दोहोंमध्ये लवचिक पाइप असतात. भार अधांतरी असताना यांपैकी एक फुटला, तर सिलिंडरमधील तेल 150 बार दाबाने बाहेर फेकले जाते आणि बूम कोसळतो. कंट्रोल व्हॉल्व्ह कितीही उत्तम असला तरी तो येथे काहीही करू शकत नाही, कारण पाइप त्याच्या पलीकडे फुटलेला असतो.

या दोन्ही धोक्यांवरील उपाय म्हणजे काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह होय. तो थेट सिलिंडरवर किंवा सिलिंडरला पोलादी नळीने जोडून बसवला जातो. मध्ये लवचिक पाइप येऊ दिला जात नाही. त्यात स्पूलऐवजी शंकूच्या आकाराची झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसते. त्यामुळे झिरपणे जवळजवळ थांबते. वर जाणाऱ्या तेलाला ती सहज वाट देते. परतीचे तेल मात्र ठरावीक अट पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही.

भार उतरवण्याची क्रिया :
भार उचलताना गुरुत्वाकर्षण चालकाच्या विरुद्ध असते, तर उतरवताना ते त्याच्या पुढे धावते. पंपाकडून दांड्याच्या बाजूस तेल येण्याआधीच भार बूमला खाली ओढू लागला, तर दांड्याच्या बाजूस पोकळी निर्माण होते आणि चालकाचा भारावरील ताबा सुटतो. काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हची अट येथेच उपयोगी पडते. ही झडप उघडण्यासाठी दांड्याच्या बाजूकडून दाबाचा इशारा मिळावा लागतो. बूम पंपापेक्षा वेगाने खाली जाऊ लागला की त्या बाजूचा दाब घटतो, इशारा कमी होतो आणि झडप मिटू लागते. बूम मंदावला की दाब पुन्हा वाढतो व झडप उघडते. अशा रीतीने बूम पंपाच्या प्रवाहाच्या गतीनेच उतरतो.

झडपेची स्प्रिंग सामान्यतः कमाल भाराने निर्माण होणाऱ्या दाबाच्या सुमारे 1.3 पट दाबावर लावलेली असते. मागील उदाहरणात भाराचा दाब 150 बार असेल, तर ती 200 बारच्या आसपास लावावी लागेल. इशाऱ्याच्या दाबाचा परिणाम झडपेवर चौपट होत असेल, तर ती उघडण्यास दांड्याच्या बाजूस सुमारे 11 बार दाब पुरतो. रिकाम्या बूममुळे सिलिंडरमध्ये 60 बारच दाब असेल, तर मात्र सुमारे 30 बार लागतो. म्हणजे भरलेला बूम लहानशा इशाऱ्यानेही उतरू लागतो. ही झडप नीट लावलेली नसली किंवा पटीचे प्रमाण अधिक असले, तर ती झपाट्याने उघड-मीट करू लागते आणि बूम हिसके देत उतरतो. असा हिसका हा चालकाच्या हाताचा दोष असतोच असे नाही.

रिलीफ व्हॉल्व्हची मर्यादा :
पंपाच्या वाटेवर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो तेल टाकीकडे सोडतो. स्क्रू आवळून ही मर्यादा वाढवली, तर क्रेन अधिक भार उचलू लागते, हे खरे आहे. परंतु बूमचे पोलाद, खिळी, पाइप आणि क्रेनचा तोल यांची क्षमता त्या स्क्रूने वाढत नाही. जो इशारा यंत्र 'उचलत नाही' या रूपाने देत होते, तो इशाराच काढून टाकला जातो.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. रिलीफ व्हॉल्व्ह पंपाचा दाब मोजतो. बूम खाली करताना वाढणाऱ्या आघूर्णाशी त्याचा संबंध येत नाही. 10 मीटर लांबीचा बूम 60 अंशांच्या कोनात असेल, तर भार खिळीपासून 5 मीटर अंतरावर असतो. तोच बूम 30 अंशांवर आणला की अंतर 8.66 मीटर होते. भाराचे वजन तेच राहते, मात्र क्रेनला पुढे कलंडवू पाहणारे आघूर्ण 1.73 पट होते. ही वाढ होत असताना पंपाला विशेष श्रम पडत नाहीत, कारण काम गुरुत्वाकर्षण करत असते. म्हणून जवळ उचललेला भार बूम खाली करून दूर ठेवताना रिलीफ व्हॉल्व्ह मूक राहतो आणि क्रेन उलटू शकते. यावरील उपाय म्हणजे प्रत्येक कोनासाठी सुरक्षित भार सांगणारा तक्ता, आणि सिलिंडरमधील दाब व बूमचा कोन दोन्ही मोजून सूचना देणारा भारदर्शक.

आधुनिक सुधारणा :
साध्या व्हॉल्व्हमध्ये दांड्याची जागा तीच असली तरी भारानुसार बूमचा वेग बदलतो, कारण खाचेतून जाणारा प्रवाह तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावर अवलंबून असतो. मोठ्या क्रेनमध्ये हा फरक स्थिर ठेवणारी पूरक झडप प्रत्येक स्पूलसोबत बसवतात. भारसंवेदी यंत्रणेत भाराचा दाब पंपापर्यंत कळवला जातो व पंप आवश्यक तेवढाच प्रवाह देतो. त्यामुळे इंधन वाचते आणि तेल कमी तापते. मोठ्या यंत्रांत चालक स्पूल हाताने सरकवत नाही. त्याच्या जॉयस्टिकमधून 30 ते 40 बारचा इशारा-दाब किंवा विद्युतप्रवाह स्पूलपर्यंत जातो. ही साधने बदलली, तरी धरून ठेवणारी झडप सिलिंडरजवळच असली पाहिजे, हे तत्त्व बदललेले नाही.

या संदर्भात उत्खनन यंत्राचा उल्लेख आवश्यक ठरतो. पोकलेन हे मुळात खोदण्याचे यंत्र आहे. परंतु पाइप किंवा चेंबर चरात उतरवण्यासाठी ते क्रेनसारखे वापरले जाते. उत्खनन यंत्र व बॅकहो लोडर यांच्या अवतरण-नियंत्रण साधनासाठी आयएसओ 8643 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. असे साधन नसलेल्या यंत्राने भार टांगणे आणि त्याच वेळी चरात माणूस उभा असणे, हा प्रसंग कोणत्याही परिस्थितीत येऊ देता कामा नये.

देखभालीविषयी काही सूचना :
1. तेलाची स्वच्छता सर्वांत महत्त्वाची आहे. खडी केंद्र किंवा बांधकामाच्या जागेवरील धुळीचा कण शंकूच्या बैठकीवर अडकला, तर काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तेल भरताना डबा व नरसाळे पुसणे हीसुद्धा सुरक्षिततेचीच कृती आहे.
2. संध्याकाळी उंच ठेवलेला बूम सकाळी खाली आलेला दिसला, तर तो गळतीचाच पुरावा मानू नये. तेलाचे आकारमान दर अंशाला सुमारे 0.07 टक्क्याने बदलते. 2 मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ 30 अंशांनी थंड झाला, तर तो सुमारे 4 सेंटिमीटरने आखडतो. तेल थंड झाल्यानंतरही बूम खाली येत राहिला, तर सिलिंडरचे सील व झडप तपासावी. मुळात काम संपल्यावर बूम खाली टेकवून ठेवणे हेच योग्य होय.
3. बारीक गळती हात फिरवून शोधू नये. उच्च दाबाची तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा आणि अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.
4. रिलीफ व काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हचे स्क्रू दाबमापक न लावता फिरवू नयेत. काही काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हमध्ये स्क्रू आत फिरवल्याने झडप घट्ट होण्याऐवजी सैल होते. केवळ अंदाजाने केलेले काम येथे उलटे ठरू शकते.
5. उचल यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी, हा दंडक 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 29 मध्ये घालून दिला. तपासणीचा हा संस्कार केवळ कागदापुरता न राहता प्रत्यक्ष झडपेपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. कंट्रोल व्हॉल्व्हमधील स्पूल तेलाची दिशा व प्रमाण ठरवतो. भार धरून ठेवण्याची जबाबदारी सिलिंडरवर बसवलेल्या काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हची असते. भार उतरवणे हे उचलण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक नियंत्रणाचे काम आहे. रिलीफ व्हॉल्व्ह हा यंत्राच्या क्षमतेचा रक्षक असला, तरी बूम खाली करताना वाढणाऱ्या आघूर्णापासून तो संरक्षण देत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या अभ्यासक्रमात पंप व सिलिंडर यांच्या जोडीने या झडपांचे प्रात्यक्षिक, तेही उघडून ठेवलेल्या प्रत्यक्ष झडपेवर, देणे उपयुक्त ठरेल. क्रेनचालकास त्याच्याच भाषेत या झडपेचे कार्य समजावून सांगितले, तर स्क्रू आवळण्यापूर्वी तो निश्चितच थांबेल. झडप किती चांगली आहे, याबरोबरच ती कशासाठी आहे हे तिच्याखाली काम करणाऱ्यास माहीत असणे, हीच सुरक्षिततेची खरी पायरी होय.